धोका आणि घोका

माझी मोठी नणंद चाळीस वर्षं छापखान्यात जुळारी होती, म्हणजे अक्षरं जुळवून मजकूर उभा करणारी. तोंडानं फटकळ, हात मात्र सोनाराचा. मी तिथेच मुद्रितं तपासायची. आमचं फारसं पटायचं नाही, हे आधीच सांगून टाकते.

वन्संचा एक लाडका लाकडी टाइप होता. ठळक, तिरपा, प्रत्येक उभ्या रेघेच्या बुडाला विटेसारखी चौकोनी टाच. पाय रोवून, पुढे झुकून भांडायला उभी राहिल्यासारखी अक्षरं. वन्सं त्यांना 'आत्याबाई' म्हणायच्या. "एखादा शब्द ठणकावायचा असेल तर आत्याबाईंना बोलवावं. अख्खा परिच्छेद दिला तर वाचणाऱ्याचं डोकं उठेल." एका वधूपित्यानं पत्रिकेसाठी हाच टाइप मागितला, तर "नवरी पळून जाईल हो" म्हणून त्याला वाटेला लावलं.

एका सकाळी पालिकेचा कारकून धापा टाकत आला. कारखान्याचं रसायन पाण्याच्या टाकीत उतरलं होतं. जुन्या वस्तीचा व्हॉल्व्ह गंजून अडकलेला, बंद होईना, चार वाजता तिथे नळ येणारच. त्याआधी दोनशे पत्रकं भिंतींवर हवीत. वर मोठ्यानं 'धोका', खाली 'नळाचं पाणी पिऊ नका'.

पहिला कागद निघाला. मी पाहिला, सही ठोकली. कारकुनानं तो उचलून वाचला, "घोका. नळाचं पाणी पिऊ नका."

मी पुन्हा पाहिलं. जाड अक्षर, त्यात शाई दाटलेली. ध च्या डोक्यावरची फट बुजून त्याचा घ झाला होता. मला शब्द ठाऊक होता, म्हणून मी धोकाच वाचला.

"लोक हसतील आणि पाणी पितील," कारकून म्हणाला.

"वहिनी, डोळे घरी ठेवून आलीस का?"

"अक्षर तुमच्या आत्याबाईंचं आहे, वन्सं."

शाई कमी केली, तर शब्द राखाडी पडला, रस्त्यापलीकडून दिसेना. एवढा मोठा ध एकच होता. वन्संनी तो शिकंज्यात आवळला आणि फट रुंद करायला करवतीचं पातं घेतलं. लाकूड जुनं, कोरडं. उभं चिरलं की संपलं.

"जमेल ना, बाई?" कारकुनानं विचारलं.

"आता बोललात तर तुम्हालाच भिंतीवर चिकटवीन."

भुसा निघाला. मग कट्कन आवाज झाला. मी डोळे मिटले.

"टाच गेली," वन्सं म्हणाल्या. "डोकं शाबूत आहे. लावा यंत्रावर."

लंगडा ध दोनशे वेळा स्वच्छ उठला.

चारला आम्ही दोघी वस्तीत उभ्या होतो. नळ आला. एका बाईनं कळशी लावली, भिंतीकडे पाहिलं, अर्धी भरलेली कळशी गटारात ओतली आणि शेजारणीला हाक मारली, "अगं, धोका आहे, ओत ते."

वन्संनी माझा दंड केव्हा धरला होता कोण जाणे. चार दिवस वळ होता.