पांढराशुभ्र फिल्टर

समस्त आप्तेष्टांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की, आमच्या घरातल्या एअर प्युरिफायरलाही अखेर झालरीचं कव्हर शिवण्यात आलं आहे. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन आधीच सवस्त्र होते... हाच एक दिगंबर उरला होता.

हवा ओढणाऱ्या यंत्राचंच तोंड बांधायचं, हे कोणत्या शास्त्रात बसतं ठाऊक नाही. आयुष्यभर संस्कृत वाचलं, त्यात तरी सापडलं नाही.

यंत्र लेकीनं पुण्याहून पाठवलं, ते तिच्या आईच्या खोकल्यासाठी. दिवाळीपासून सौ. खोकतेय. इकडे लातुरात आमच्या गल्लीत रस्त्याचं काम चालू आहे (ते संपणार अशी वदंता आहे). धूळ नको म्हणून तिनं खिडक्या लावून घेतल्या आणि स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टच्या भोकात जुनी चादर कोंबली. बाहेरची धूळ बाहेर, आतला धूर आत... चोख बंदोबस्त.

परवा रविवारी मी फिल्टर साफ करायला बसलो. ब्रश, जुना पेपर, चष्मा, सगळी सिद्धता करून यंत्र उघडलं, तर फिल्टर पांढराशुभ्र. नवा कोरा.

"अगं, हे चालवतेस की नाही?"

"चालवते की ओ, रोज. स्वयंपाक झाल्यावर."

"आणि स्वयंपाक चालू असताना?"

"तेव्हा कशाला? फोडणी टाकली की लगेच त्याचा दिवा लाल व्हायलाय, घरघर करायलंय ते. आतलं काळं झालं म्हणजे? लेकीनं एवढ्या हौसेनं दिलंय, जपून नको का वापरायला?"

मी कपाळाला हात लावला. "अगं बाई, ते काळं व्हायलाच आणलंय."

"तुमचं बरंय. शर्ट काळा करायचा तुम्ही आन् धुवायचा मी. तशीच सवय लागलीय." ती हसली, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. ओटा धरून उभी राहिली... नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

हातात तो स्वच्छ फिल्टर धरून मी बघत राहिलो. इतक्या महिन्यांचा मिरचीचा खकाणा, तळणाचा धूर, यातलं काहीच याच्यात नव्हतं. खिडक्या बंद, भोकात चादर. मग ते सगळं गेलं कुठे?

स्टूल घेतलं, चादर ओढून काढली, खिडकी उघडली. रस्त्यावरची धूळ आली थोडी... फरशी पुसता येते. फोडणीच्या वेळी आता मीच यंत्र चालू करतो आणि "झालं बघा लाल" हे ऐकून घेतो.

छातीच्या डॉक्टरांचं नाव काढलं की ती म्हणते, ऊन तापलं की जाईल. मी चिडतो, टोमणे मारतो, इथे येऊन तुम्हाला असलं काहीबाही सांगतो. खरं म्हणजे मला तिच्या खोकल्याची फार भीती वाटते, आणि ते तिला अजून सांगता आलेलं नाही.