लिफ्टच्या भिंतीमागचा वारा

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी फटवाली तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गुडघे टेकून बसली होती. हातात लांब काडी, काडीच्या टोकाला टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी. ती खिडकीच्या चौकटीपाशी धरून, श्वास रोखून, पट्टी हलते का ते बघत होती. पट्टी हलत नव्हती. पंचाईत तीच होती.

बावीस वर्षं कोट शिवून मनगटं गेली, तेव्हा तिने मशीन विकलं आणि जुन्या फ्लॅटमधल्या फटी बुजवायचा धंदा धरला. नाव एका वॉचमनने ठेवलेलं. तिने तेच पाटीवर रंगवून घेतलं. फोमची पट्टी, दाराखालचा ब्रश, सीलंट आणि जुन्या कोटांचं जाड कापड, एवढ्या सामानात बहुतेक घरं ऊबदार होतात.

हे होत नव्हतं. घर निवृत्त गणित शिक्षिकेचं. तिच्या मुलीची अट सरळ होती: उद्या सकाळी सातला खोलीत अठरा अंश भरले नाहीत, तर आईने सामान बांधून आपल्याकडे राहायला यायचं. बाईंनी ती मान्य केली. आकडा ठरला की त्यांना वाद घालता येत नसे. गेल्या आठवड्यात फटवालीने सगळ्या खिडक्या आणि दार बंदिस्त केलं होतं. तरी आज पंधराच.

"हीटर वाढवून बघूया का?" फटवालीने विचारलं.

"ती कॉपी झाली," बाई म्हणाल्या.

मुलगी रिकाम्या बॅगा घेऊन आलीच होती. "आई, तुझ्या पायांचा बर्फ झालाय. आणि या अजून कागदाला विचारतायत."

"कागद खोटं बोलत नाही, ताई. विचारणारीचं चुकतंय."

फटवालीने काडी भिंतीतल्या कपाटाला टेकवून ठेवली आणि पाठ ताणली. तेवढ्यात पट्टी खोलीकडे वाकली. मग सरळ झाली. मग कपाटाकडे ओढली गेली. कोणी झोपेत श्वास घ्यावा तशी.

बाईंनी लगेच वही ओढली. "सात बावन्न. सात चोपन्न. सात अठ्ठावन्न. अंतर सारखं नाही. म्हणजे घड्याळ नव्हे, माणसं आहेत."

भिंतीपलीकडे काहीतरी घुमलं. फटवालीने कान लावला. "ताई, लिफ्टने खाली जाऊन परत वर या."

"मी आईचं सामान भरायला आलेय."

"जा गं," बाई म्हणाल्या.

मुलगी चार वेळा खाली-वर झाली. लिफ्ट वर येताना चारही वेळा पट्टी खोलीकडे वाकली. मग कपाटातले बाईंचे तपासलेले पेपर, गठ्ठ्यांवर गठ्ठे, जमिनीवर उतरले. कपाटाची मागची फळी सुटली. आत काढून टाकलेल्या पाइपचं मुठीएवढं भोक होतं, थेट लिफ्टच्या बोगद्यात उघडणारं.

"कोट शिवायची सवय," फटवाली म्हणाली. "शिवण दिसली तिथेच हात फिरवला. अस्तर उलटून बघितलंच नाही."

भोकात तिने रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, ठासली आणि वरून आग न पकडणारं सीलंट फासलं. बाई उत्साहाने स्वयंपाकघरातल्या जाळीकडे बोळा घेऊन निघाल्या.

"ती नाही हं. गॅसला हवा लागते."

दुसऱ्या दिवशी सातला बाईंचा फोन आला. "साडेअठरा. दोनदा वाचलं. फोटो पाठवलाय."

दोन मिनिटांनी मुलीचा. "थर्मामीटर हीटरजवळ नव्हता ना?"

"फोटोत समोरच्या भिंतीवर दिसतोय, ताई."

"बरं," मुलगी म्हणाली. "येऊन रिकाम्या बॅगा परत नेते."

बाईंच्या खालच्या फ्लॅटमध्येही तेच कपाट आहे, तोच बोगदा. तिथे फटवाली उद्या सात चाळीसला पोचणार आहे आणि खिडक्या शेवटी बघणार आहे.