नाव न विचारणारी बाई

"बस गा. नाव मंग सांगजो."

हे म्हणताना बाईंचा डावा हात नव्या माणसाच्या खांद्यावर असे आणि उजवा त्याच्या ताटात डाळ वाढत असे. आपण कोण, कुठले, ही पाळी आपल्यावर का आली, हे सांगायला तो तोंड उघडी आणि त्यात घास जाई. ते 'मंग' कधी उजाडल्याचे मी पाहिले नाही.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षे झाली होती. हातमागाला सूत मिळत नव्हते आणि विणलेल्या लुगड्याला गिऱ्हाईक मिळत नव्हते. रेल्वेलाइनीपलीकडच्या वस्तीतली विणकरांची घरे एका जेवणावर आली होती. ते जेवण शहराच्या सदर भागात, मिशनच्या मागच्या अंगणात, रोज दुपारी मिळे. मी मिशनच्या कचेरीत टंकलेखक होतो. मी तिथे काम करतो हे महाल पेठेतल्या माझ्या सोवळ्याच्या घरी ठाऊक होते, जेवतोही तिथेच हे नव्हते. बाईंच्या हातची डाळ तुम्ही खाल्ली असती, तर तुम्हीही घरी बोलला नसता.

बाई साठीच्या आसपासच्या. उंच, काटक, पदर कमरेला खोचलेला. चूल पेटवण्याआधी त्या मिनिटभर डोळे मिटून उभ्या राहत. दुसऱ्या कोणाला डोळे मिटायला त्यांनी कधी सांगितले नाही.

तरी वस्तीतल्या एका पुढाऱ्याने उठवलेच, "ही बाई डाळीत धर्म कालवते." एकदा तो चार जणांना घेऊन कुंपणाशी येऊन उभा राहिला. बाई चुलीजवळून हलल्याही नाहीत.

"मले मीठ कालवता येते गा. तेबी कधी कधी जास्त होते. खोटं वाटत असन तं तुह्या घरची बाई पाठव. तिच्याच हातानं शिजू दे."

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या विधवा आत्याला पहाऱ्यावर पाठवले. आत्या दोन दिवस ओठ आवळून चुलीशी बसली. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. "अशी फोडणी देतात काय वं?" म्हणत तिने बाईंच्या हातातली पळी काढून घेतली, ती परत दिलीच नाही. पुढारी पुन्हा कुंपणाशी फिरकला नाही.

मग मिशनमध्ये नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, वरच्यांना भिणारा होता. त्यांनी हुकूम काढला, की जेवणाआधी प्रत्येकाचे नाव, जात, धर्म वहीत लिहायचा, आणि रविवारच्या प्रार्थनेला येणाऱ्यांना आधी वाढायचे. वही माझ्या हाती दिली. बाई ओल्या हातांनीच कचेरीत आल्या.

"साहेब, हे काहून?"

"आपण कोणाला जेवू घालतो, ते वर कळवावं लागतं, बाई."

"उपाशी माणसाले घालतो. कळवा."

"प्रार्थनेला कोण येतं, तेही कळवायचं असतं."

"येशूनं पाच हजार माणसाले जेवू घातलं. एकाले तरी पुसलं काय, उद्या येशीन का म्हणून?"

साहेब खाली बघत म्हणाले, "तो प्रभू होता, बाई. माझ्यावर समिती आहे."

मी बाईंच्या मागोमाग अंगणात गेलो. तांदूळ निवडता निवडता त्या बोलल्या. त्या मूळच्या खापा गावच्या, विणकराच्याच घरातल्या. मोठ्या दुष्काळात आईबाप गेले. सहा वर्षांच्या बाई दोन वर्षांच्या बहिणीला कडेवर घेऊन सरकारी अन्नछत्राच्या रांगेत उभ्या राहिल्या. दारात कारकून नावे लिहीत होता.

"आमचा नंबर आला आन् त्याची शाई संपली. तो शाई आणाले गेला. समोर पेजेची कढई होती, बाबू. वाफ दिसून राहिली होती. तो येईपर्यंत माह्या कडेवरची पोर गेली. मंग त्यानं तिचं नाव लिवलंच नाही. म्हणे, आता काहून लिवू?"

त्यांनी सुपातला एक खडा काढून दूर फेकला.

"पुढं मिशननंच मले वाढवलं. मिशनवर माहा राग नाही. त्या वहीवर हाय."

पंधरा दिवस मी वहीत एकही नाव लिहिले नाही. मग साहेबांनी पत्र सांगितले, मी ते टंकले आणि मीच ते बाईंना मराठीत वाचून दाखवले. उद्यापासून जेवण बंद, स्वयंपाकघराला कुलूप. बाईंनी एवढेच विचारले,

"उद्याचे चणे भिजू घातले हायत. त्यायचं काय लिवलं?"

चण्यांबद्दल काहीच लिहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिशनच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत, तीन दगडांवर चणे शिजत होते. वस्तीतल्या बायकांनी लाकडे आणली होती. पंगत बसली होती. साहेब मला म्हणाले, "निदान तिथे कोण कोण बसलंय, ते तरी लिहून आण."

मी वही घेऊन रस्ता ओलांडला. बाई तापलेले पातेले फडक्याने धरून उभ्या होत्या. "बाबू, हात पोळून राहिले. पातेल्याखाली ठेवाले काही दे."

माझ्या हातात एकच वस्तू होती. मी ती जमिनीवर ठेवली. बाईंनी तिच्यावर पातेले टेकवले आणि मी वाढायला लागलो.

साहेब फाटकातून ओरडले, "वही कुठाय?"

"पातेल्याखाली," मी म्हणालो. माफी मागितली नाही. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली.

बाईंनी मिशनमधली खोली सोडली आणि एक पेटी घेऊन वस्तीत, आत्याच्या पडवीत राहायला गेल्या. पंगत आता तिथे बसू लागली. बायका घरटी मूठमूठ धान्य देत. चर्चला जाणारी काही कुटुंबे साहेबांना न सांगता तांदूळ पाठवत. आणि दर रविवारी बाई चालत चर्चला जात, साहेबांच्या अगदी पुढच्या बाकावर बसत आणि सगळ्यांहून मोठ्याने गात. तिथून त्यांना उठवण्याची कोणाची छाती झाली नाही.

अशी चार वर्षे गेली. एका उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापाने बाई सकाळी गेल्या. अकराच्या सुमारास चर्चचे पाद्री शवपेटी घेऊन वस्तीत आले. मीही तिथेच होतो. ज्या घरात मयत, त्या घरात चूल पेटत नाही, ही आपली रीत. त्या दिवशी पेटली होती. सुजलेल्या डोळ्यांनी आत्या दारात आडवी उभी राहिली.

"थांबा."

"ऊन वाढतंय," पाद्री म्हणाले.

"वाढू द्या. माणसं येऊन राहिली. पंगत उठल्याबिगर तिले नेऊ देणार नाही."

पाद्रींनी अंगणाकडे पाहिले. पानांची रांग मांडून झाली होती. त्यांनी टोपी काढली, जोडे काढले आणि रांगेच्या शेवटी जाऊन मांडी घातली. आत्याने त्यांच्या पानावर भात वाढला.