कडुलिंबाचं पाणी

आमची सून धम्मदीना इथं परदेशात, माउंट रॉस्किलला, औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. औषधाच्या मापात थेंबाचा फरक तिला खपत नाही. घरी मात्र तिचा सगळा जीव मोनार्क फुलपाखरांत. अंगणात स्वान प्लांट लावलंय, आपल्या रुईची चुलत बहीणच म्हणा. त्यावर या फुलपाखरांच्या सतरा टपोऱ्या अळ्या होत्या.

परवाच्या रविवारी झाडावर पिवळ्या माव्याची कीड दिसली. मी लगेच म्हटलं, "अगं, आमच्या गावी कडुलिंबाचं पाणी मारतात!" तिनं इंडियन दुकानातून त्याचं तेल आणून पाण्यात मिसळून फवारलं. मी खुशीत गावच्या गमती सांगत बसलो. तासाभरात एक अळी खाणं सोडून आक्रसली. धम्मदीना पांढरीफटक पडली.

"बाबा, ज्यानं मावा मरतो, त्यानं अळी वाचेल कशी?"

हे दोघांनाही आधी सुचलं नव्हतं. तिनं पानन्‌पान धुतलं, पण अळ्या तिथंच ठेवायचा धीर होईना. मग सगळ्या अळ्या खोक्यात लाल भोपळ्याच्या फोडींवर ठेवल्या. मोठ्या अळ्यांना तोही चालतो.

"पेशंटला असं न तपासता औषध दिलं असतं तर, बाबा?"

मी उठून भोपळ्याच्या आणखी फोडी करायला घेतल्या.

सहा मेल्या. काल एक झाकणाला उलटी लटकली आणि आज तिचा हिरवा कोश झाला. मी टाळ्या पिटल्या.

"थांबा हो बाबा, पंख सरळ निघू देत आधी."

आता ती दुकानातून सारखी फोन करते, आणि मी खोक्यापाशी बसूनच तो उचलतो.