फळं किती फास्ट पडायची?

गेम सुरू झाला आणि संपला. मधे काही घडलंच नाही. निळं आकाश आलं, खाली दोन टोपल्या दिसल्या आणि मी कीबोर्डवर बोट ठेवेपर्यंत 'गेम ओव्हर' झालं. परत सुरू केला. परत तेच.

मोहिते सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. खांदेश्वर स्टेशनच्या बाहेर आमचं लॅपटॉप रिपेअरचं दुकान आहे. दुकान त्यांचं, टेबल माझं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"चालला, सर."

"हा चालला?"

"चालला, पण फारच जोरात चालला."

"सुजाता, आपण लॅपटॉप रिपेअर करतो. लोकांचे गेम चालू करून देणं आपलं काम नाही. उद्या बंद पडला की ती बाई इथेच येऊन उभी राहणार. तिकडे मदरबोर्ड पडलेत, ते बघ आधी."

"बघते, सर. पण जाधवकाकूंना मी हो म्हटलंय."

काकू आल्या होत्या तेव्हा सरही दुकानातच होते.

जाधवकाकू सेक्टरमधल्याच. बरीच वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवत होत्या, आता रिटायर आहेत. त्या आल्या त्या एका हातात मुलीने घेऊन दिलेला कोरा लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात दुधाची धुतलेली पिशवी घेऊन. पिशवीत एक फ्लॉपी होती. आजच्या मुलांसाठी सांगते, फ्लॉपी म्हणजे प्लॅस्टिकची चौकोनी, चपटी डबी, आत एक पातळ तबकडी. पेन ड्राइव्ह यायच्या आधी आम्ही फाइली त्यात ठेवायचो. एका फ्लॉपीत आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा मावणार नाही.

"यात एक गेम आहे," काकू म्हणाल्या. "फळांचा. वरून फळं पडतात, आपण टोपलीत झेलायची. दोघांनी मिळून खेळायचा, नाहीतर एकट्याने. आमच्या ह्यांना पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला. बोलतात नीट, चालतात काठी घेऊन. डावा हात मात्र नाही म्हणतोय. फिजिओवाली पोरगी येते, तिने दाबायला स्पंजचा बॉल दिलाय. तो ह्यांनी बाल्कनीतून खाली टाकला. दोनदा. वॉचमन आणून देतो बिचारा."

"आणि गेम?"

"हे कायम डावी टोपली घ्यायचे. डाव्या हाताने खेळायचे आणि उजव्यात चहाचा कप. म्हणून म्हटलं." पुढे म्हणाल्या, "त्या पोरीने सांगितलंय, आत्ता बोटं हलवली नाहीत तर नंतर अवघड आहे. आणि हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात."

यावर नाही कसं म्हणणार?

पहिली अडचण फ्लॉपीच. नव्या लॅपटॉपला फ्लॉपी घालायला जागाच नसते. पण मोहिते सर कधी काही टाकून देत नाहीत. त्यांच्या खालच्या ड्रॉवरमधून यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह निघाला. फ्लॉपी त्यात घातली तर ती नुसती करकरत बसली. पत्र्याचं झाकण सरकवून बघितलं, आतल्या पातळ तबकडीवर पांढरी बुरशी. आपल्याकडच्या दमट हवेत हे होणारच. कान साफ करायच्या इअरबडला स्पिरिट लावून, हलक्या हाताने, तबकडी फिरवत फिरवत पुसून काढली. दोन-तीन वेळा पुसल्यावर फाइली कॉपी झाल्या.

दुसरी अडचण म्हणजे लॅपटॉपने सरळ सांगितलं, हा प्रोग्रॅम इथे चालणार नाही. यात लॅपटॉपची चूक नाही. जुने गेम सोळा बिटचे असायचे, आजच्या सिस्टिम चौसष्ट बिटच्या. बिटचा हिशोब सोडा, इतकंच लक्षात ठेवा की त्या प्रोग्रॅमला जे जुनं मशीन लागतं ते आता कुठे नाही. मग आम्ही एम्युलेटर टाकतो. एम्युलेटर म्हणजे नव्या लॅपटॉपच्या आत जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. गेमला वाटतं आपण जुन्याच मशीनवर आहोत.

आणि मग तिसरी अडचण, जी मी सुरुवातीला सांगितली. या गेममध्ये फळं किती वेगाने पडायची हे गेम स्वतः ठरवत नव्हता. मशीन जितकं फास्ट, तितकी फळं फास्ट. त्या काळच्या मशीनवर ते बरोबर बसायचं. मी एम्युलेटरला मोकळं सोडलं होतं, त्यामुळे आंबा वरून निघालेला दिसायचाच नाही. एम्युलेटरमध्ये स्पीड कमी-जास्त करता येतो. मी तो उतरवत उतरवत आणला. आंबे आंब्यांसारखे पडायला लागले.

"सर, जरा उजवी टोपली धरा. दोघांचं टेस्ट करायचंय."

"मी?"

"बाणाच्या कीज आहेत. डावी, उजवी."

सरांनी चष्मा वर केला आणि बसले. पहिला आंबा गेला. दुसरा त्यांनी झेलला. तिसऱ्याला ओरडले, "अगं, माझी टोपली हलत नाहीये! तू काय दाबलंस?"

मी माझ्याच कीज दाबल्या होत्या. त्या दाबलेल्या असल्या की सरांची की लागत नव्हती. याला घोस्टिंग म्हणतात. बऱ्याच लॅपटॉपच्या कीबोर्डवर एकाच वेळी ठरावीक कीज दाबल्या की त्यातली एखादी मशीनपर्यंत पोचतच नाही. एकटा माणूस टाइप करत असला तर कळतही नाही. दोघं एका कीबोर्डवर खेळायला बसले की भांडण.

"बाहेरचा कीबोर्ड लाव," सर म्हणाले आणि स्वतःच उठून भंगाराच्या खोक्यातून एक काळा यूएसबी कीबोर्ड घेऊन आले. पुसून, लावून, परत बसले. "हां, आता टाक."

मदरबोर्ड त्या दिवशी राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन काकूंच्या घरी गेले. जाधवकाका हॉलमध्ये दिवाणावर होते, भिंतीकडे तोंड करून. न्हावा शेवा बंदरात एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली. कंटेनर आला की कस्टम्सचे कागद घेऊन पळणं, हे त्यांचं काम. ऑफिसने जुने कॉम्प्युटर बदलले तेव्हा त्यातला एक ते घरी घेऊन आले होते. गेम त्याच्यात आधीपासूनच होता; तो कॉम्प्युटर मोडीत काढताना फ्लॉपीत उतरवून ठेवला होता.

"अहो, बघा कोण आलंय," काकू म्हणाल्या.

"डॉक्टर असेल तर सांग, झोपलोय."

"कॉम्प्युटरवाली आहे मी, काका," मी म्हटलं.

ते वळले नाहीत. मी टीपॉय ओढून त्यावर लॅपटॉप ठेवला आणि गेम सुरू केला. सुरुवातीला एक टुंटुंट ट्यून वाजते. ती वाजली तसं काकांनी मान वळवली.

"हे कुठून काढलंत?"

"दिवाळीच्या पणत्यांच्या खोक्यात होतं," काकू म्हणाल्या. "उठा. चहा टाकते."

काका उठून बसले. मी त्यांच्या मांडीवर उशी आणि उशीवर तो काळा कीबोर्ड ठेवला. डावा हात त्यांनी उजव्या हाताने उचलून कीजवर ठेवला. बोटं जरा आखडलेली होती. काकू लॅपटॉपसमोर बसल्या.

फळं पडायला लागली. काका थोडा वेळ नुसते बघत राहिले.

"हा तो नाय," ते म्हणाले. "ही काय लग्नाची वरात चाललीय? आमी खेळायचो तो याच्या डबल फास्ट होता."

"काही नाही, असाच होता," काकू म्हणाल्या.

"तुला काय माहीत? मी बघितलंय ना! कलिंगड असं दणकन यायचं."

"अहो, असाच होता. मला चांगलं आठवतंय."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार? मी तो गेम कधी बघितलाच नव्हता. दुकानात मी स्पीड अंदाजाने बसवला होता, मोहिते सरांना जमेल इतका.

"वाढव," काकांनी हुकूम सोडला.

मी वाढवला.

"अजून."

अजून वाढवला. "हां," काका म्हणाले, "हा आमचा गेम." त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा खुलला.

आणि मग ते खेळले. पहिला आंबा गेला. दुसरा गेला. डोळ्यांना सगळं दिसत होतं, बोटापर्यंत पोचेपर्यंत फळ जमिनीवर. एक की दाबली गेली ती सुटेना, टोपली कोपऱ्यात जाऊन बसली. काकूंनी आपल्या बाजूची चार-पाच झेलली, मग त्यांनीही हात काढून घेतला. 'गेम ओव्हर' आलं.

काकांनी कीबोर्ड उशीसकट बाजूला सारला.

"बंद कर."

"मी स्पीड कमी करते, काका. दोन मिनिटांचं काम आहे."

"कमी करून काय? आजारी माणसाचा गेम? त्यापेक्षा तो स्पंजचा बॉल काय वाईट होता?"

मी थाप मारायच्या बेतात होते. 'नव्या लॅपटॉपला एवढा स्पीड झेपत नाही' असं सांगणार होते. काकांना ते खरं वाटलं असतं की नाही, देव जाणे. तेवढ्यात काकूंनी मला विचारलं, "सुजाता, त्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर पुढे एक बटण असायचं. टर्बो लिहिलेलं. ते कशाला गं असायचं?"

मला ते बटण बरोबर माहीत होतं. "स्पीड कमी करायला, काकू. नाव टर्बो, पण खरा उपयोग उलटाच. जुने प्रोग्रॅम नव्या मशीनवर फार पळायचे, म्हणून ते दाबून मशीन मुद्दाम हळू करायचे."

"तेच," काकू म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "माझी शाळा सकाळची. तुम्ही दुपारी न्हावा शेव्याला. मी ते बटण दाबायचे आणि एकटीच खेळायचे. तुम्ही यायच्या आधी परत होतं तसं करून ठेवायचे. तुमच्याबरोबर खेळताना हरले की तुम्हाला वाटायचं, मुद्दाम हरतेय."

हॉलमध्ये नुसती ती टुंटुंट ट्यून वाजत होती.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "तो पहिला नंबर. यादीत सगळ्यात वर. रोज तुझं नाव."

"हो."

"मी रविवारचा दिवसभर बसायचो तो तोडायला! ऑफिसात सांगितलं होतं सगळ्यांना, आमच्या हिचा हात असा चालतो की बघत राहाल."

"मला माहीत आहे. पाटीलभाऊजी घरी आले तेव्हा मला खेळून दाखवा म्हणाले होते. मी डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडले."

काका हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग असं की ठसका लागला. काकूंनी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ते मला म्हणाले, "लाव."

"काय लावू?"

"हिचा स्पीड लाव. मघाचा. बघू तरी किती सोपं होतं. इतकी वर्षं उल्लू बनवलं मला! त्या स्पीडला तर कोन पण करेल."

मी स्पीड खाली आणला. काकूंनी तीन वेळा बदलायला लावला आणि मग म्हणाल्या, "हा. अगदी हा." काकांनी स्वतःच कीबोर्ड मांडीवर ओढून घेतला.

त्यांना जमलं नाही. पहिल्या डावात एक पेरू मिळाला, तोही टोपली आपोआप त्याच्याखाली होती म्हणून. पण या वेळी त्यांनी बंद कर म्हटलं नाही. "परत," ते म्हणाले. मग परत. काकू आपली फळं झेलता झेलता म्हणत होत्या, "सोपं आहे ना? झेला मग." चहा गार झाला. मी निघाले तेव्हा दारापर्यंत सोडायला कुणी आलं नाही.

नंतर महिन्याभराने काकू चार्जर घ्यायला दुकानात आल्या. फिजिओवालीने काकांच्या व्यायामाच्या वेळेतला अर्धा वेळ गेमला देऊन टाकला आहे, असं म्हणाल्या. करंगळी अजून ऐकत नाही. पण शर्टाची बटणं आता दोन्ही हातांनी लावतात. एक-एक लावायला वेळ लागतो आणि मधे कुणी मदत केलेली खपत नाही. यादीत पहिलं नाव अजून काकूंचंच आहे. "मी मुद्दाम हरणार नाही," त्या म्हणाल्या. "हरले तर ह्यांना लगेच कळेल."

मोहिते सर आता जुन्या गेमची कामं घेतात. बोर्डावर लिहिलेलं नाही, पण लोक एकमेकांना सांगतात. गेल्या आठवड्यात कामोठ्याहून एक जण सीडी घेऊन आला. मी त्याला पहिला प्रश्न विचारला, घरात हा गेम कोण कोण खेळायचं? आणि पहिल्यांदा चालू करताना सगळ्यांना समोर बसवा म्हणून सांगितलं. सर म्हणाले, हा काही टेक्निकल प्रश्न नाही. नसेल. पण कुणाचा स्पीड लावायचा ते तिथल्या तिथे ठरतं आणि दुसरी चक्कर वाचते.