नलूआत्याचा फ्रेंच बटाटा

पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून त्या दिवशी पुरणाऐवजी बटाटा उतरत होता... पांढुरक्या, वाफाळत्या शेवया पितळी परातीत अलगद कोसळत होत्या, आणि उकडलेल्या सालींचा मातकट वास, तापत्या दुधाचा गोडसर गंध नि कढईखालच्या रॉकेलचा दर्प असं सगळं एकमेकांत मिसळून आमचं लहानसं स्वयंपाकघर कोंदून गेलं होतं. यंत्राचा दांडा फिरवणारी बाई माझी सख्खी आत्या होती, आणि दहा वर्षांची मी तिला आयुष्यात प्रथमच पाहत होते.

नलूआत्या बाबांची धाकटी बहीण. ती इंदूरच्या एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकाच्या नोकरीला लागली, तेव्हा सरकारी शाळेत गणित शिकवणाऱ्या आणि वर्षभर कडक सोमवार करणाऱ्या आमच्या बाबांनी तिला सुनावलं होतं, "परक्यांना मटण रांधणाऱ्या हातचं मी पाणीसुद्धा पिणार नाही!" तीही त्यांचीच बहीण. अकरा वर्षं ती उज्जैनला फिरकली नाही. अंतर म्हणाल तर बसनं दीड-दोन तासांचं. पण हट्टी माणसांना तेवढं पुष्कळ झालं.

मग श्रावणाच्या तोंडावर फ्रीगंजच्या बाजारात बाबांच्या स्कूटरपुढे एक सांड आडवा आला. सांडाला काहीएक झालं नाही. बाबांचा जबडा मात्र मोडला आणि डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले, सहा आठवड्यांसाठी! एक दाढ आधीच पडलेली होती, तिच्या फटीतून सरकेल तेवढंच अन्न. पेज, वरणाचं पाणी, ताक... आठवड्याभरात पेला दिसला की बाबा मान फिरवू लागले, गालफडं बसली, सदरा अंगावर लोंबायला लागला. आईनं बटाटा दुधाबरोबर मिक्सरमधून काढला, तर त्याची कागद चिकटवायची खळ झाली. हातानं कुस्करला, तर एक गुठळी तारेत अडकून बाबा अर्धा तास हैराण. बाबा असेच वाळत वाळत मरून जातील, असं मला अगदी खरंच वाटायचं, आणि हे विचारायचं तरी कुणाला? शेवटी आईनं बाबांच्या नकळत इंदूरला कार्ड टाकलं.

आत्या आली ती नेमकी श्रावणी सोमवारी, कारण तिची सुट्टी सोमवारची. देवाच्या पालखीच्या सवारीसाठी रस्ते बंद, ऑटो मिळेना, म्हणून बाई देवास गेटच्या बसस्टँडपासून पायीच आली. दारात चपला काढल्या, "वहिनी, पुरणयंत्र आहे ना घरात?" एवढंच विचारलं आणि पदर खोचला. बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत बसले होते, तोंडापुढे पेपर धरून. तो पेपर कालचा होता, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

फ्रान्समध्ये शिकून आलेल्या एका वस्तादाकडून तिनं ती रीत उचलली होती. सारख्या आकाराचे बटाटे सालीसकट उकडायचे, बोटांना चटके सोसत गरमच सोलायचे, यंत्रातून काढून मंद आचेवर परतायचे—त्यांतलं पाणी उडेपर्यंत. मग गारढोण लोण्याचा एकेक गोळा, पहिला विरघळला की दुसरा, आणि शेवटी कढत दुधाची बारीक धार. लोणी किती! आईच्या महिन्याभराच्या सायीचं सगळं गेलं. "हलक्या हातानं घोट गं," मला डाव देत आत्या म्हणाली, "जोर केलास की झालाच गोंद." हळूहळू ते रेशमासारखं सैल, चकचकीत होत गेलं. आणि मग अगदी शेवटी, हॉटेलच्या सवयीनं, तिनं ओट्यावरच्या बरणीत हात घातला आणि मीठ भुरभुरलं.

साधं मीठ. उपासाला चालतं ते सैंधव, आणि त्याची वाटी वर फळीवर होती. आई "अगं बाई—" म्हणून पुढे झाली, तोच पेपराआडून बाबांचं बोट वर आलं. गप्प राहा, असं.

आत्यानं वाटी पुढे केली. बाबांनी पेपर खाली ठेवला. पहिला चमचा कुठेही न अडकता सरकला. बाबांनी डोळे मिटले. एक वाटी संपली, दुसरी संपली. मला इतका आनंद झाला की मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

परत आले तर आत्या फळीकडे बघत कपाळाला हात लावून उभी. "दादा! आज सोमवार ना रे... मी साधं मीठ घातलं. तुझा उपास मोडला!" अकरा वर्षांनंतर बाबांशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य.

बांधलेल्या दातांमधून बाबा म्हणाले, "सोमवार काय, पुढच्या आठवड्यात परत येतोय. तू येणार का, ते सांग."

ती येत राहिली. सहा आठवड्यांनी तार निघाली, डॉक्टर म्हणाले, आता खुशाल चणे खा. मंगळवारी बाबा आमच्यादेखत कुडुमकुडुम शेव खात. सोमवारी मात्र गाल धरून बसत. "अजून ठणकतंय जरा." आईनं मला डोळ्यांनी दटावलं होतं, त्यामुळे मीही बोलले नाही. तो जबडा पुढे दोन वर्षं, फक्त सोमवारीच, ठणकत राहिला.

गेल्या वर्षी बाबा गेले. तेराव्यानंतर एका दुपारी मी आत्याला त्या सोमवारच्या खोट्या दुखण्याचं सगळं सांगून टाकलं. ती आता ऐंशीला टेकली आहे. रागावेल असं वाटलं होतं, पण ती नुसती हसली.

"अगं, मला ठाऊक होतं. तार निघाली त्याच्या पुढच्याच सोमवारी. देवास गेटला बसमधून उतरले, तर समोर गाडीवर दादा साबुदाण्याची खिचडी खात उभा! वर आणि म्हणतोय, 'भैया, फरियाली मिक्स्चर थोडा और डालो.' तो उपासाचा कुरकुरीत चिवडा गं! मी तशीच बसच्या आड झाले. त्यानं सावकाश सगळं चावून खाल्लं, रुमालानं तोंड पुसलं आणि लगबगीनं घराकडे निघाला..."

"मग तू?"

"मग काय, थांबले तिथंच. म्हटलं, पोहोचू दे बिचाऱ्याला आधी."