पांढरे दगड आणि पळतं घर

आता हसू नका हं. सरकारी साहेबाला घरासकट माडांच्या बागेत धाडणारी बाई तुमच्या ओळखीत दुसरी कुणी नसेल, म्हणून सांगते.

शिरोड्याकडचा रस्ता डांबरी होत होता, तेव्हाची गोष्ट. हे तिथे ओव्हरसियर आणि आमचा संसार चाकांवर! लाकडी खोली, पत्र्याचं छप्पर, खाली लोखंडी चाकं. काम पुढे सरकलं की रोलर अशा सगळ्या खोल्या एकेक करून ओढून नेई. मुक्कामाला पोचलं की चाकांखाली दगड लावायचे, झालं घर!

एक दिवस हे म्हणाले, "उद्या आरोग्य खात्याचे साहेब तपासणीला येतायत. मागच्या कॅम्पात पाण्यात अळ्या सापडल्या, तर सगळी बायकामुलं गावी धाडली."

झालं! माझी सुमी अजून रांगतही नव्हती. तिला घेऊन मी सासरी जायचं आणि ह्यांचं तोंड एकदम गणपतीत बघायचं? पदर खोचला. पिंपं उपसली, विहिरीच्या कडेचा गाळ काढला, सुमीचे लंगोट उकळले. तरी समाधान होईना. शिकलेल्या बाईची हीच खोड. पुस्तकात वाचलेले सगळे रोग मला माझ्याच खोलीत दिसायला लागले.

रोलरवाल्याची बायको पारूबाय म्हणाली, "वयनी, सायब येतलो तर चुनो होयोच! चुनो बघल्यार सायबाक बरां वाटता."

खरंच की! साहेब यायचा म्हटलं की झाडाचा बुंधा असो, मैलाचा दगड असो, सगळं पांढरंफटक. पण आमच्या दारात रंगवायला होतं काय? शोधलं आणि सापडलं! चांगले एकसारखे दगड, डांबराने माखून चाकांखाली नुसते पडलेले. ओढून काढले, घासले, चुना दिला आणि दारापर्यंत दोन्ही बाजूंना ओळीने मांडले. काय शोभा आली म्हणून सांगू!

चाकं तांबड्या मातीत रुतलेली, त्यामुळे जागा उताराची असूनही घर जागचं हललं नाही. मग ते दगड तिथे होते कशाला, हा प्रश्न मॅट्रिक झालेल्या माझ्या डोक्यात आलाच नाही.

साहेब आले. चांगले भरभक्कम.

"वा! दगड छान. कुठून आणलेत?"

"इथलेच!" मी ऐटीत.

विहीर पसंत, पिंपं पसंत. मग साहेब आमच्या खोलीत चढले. सुमी पारूबायच्या कडेवर, मी बाहेर दाराशी चहाचा कप घेऊन उभी.

"आता जरा मजबुती बघू," म्हणत साहेबांनी फळ्यांवर पाय आपटला. दुसऱ्यांदा तर उडीच मारली.

खोली कुरकुरली.

"काय हो हे?"

"जुनं लाकूड आहे," मी म्हटलं, आणि बघते तर साहेब माझ्यापासून लांब लांब चाललेत!

"गो वयनी, तुजां घर चल्लां!" पारूबाय किंचाळली.

"साहेब, उतरा!"

"आधी थांबवा!"

थांबवणार कशाने? दगड तर रांगेत, पांढरेशुभ्र! पुढे खोली, मागे हे, त्यांच्यामागे रोलरवाला. माझी चूल, पाळणा, लोणच्याची बरणी आणि साहेब, असं सगळं उतारावरून गडगडत गेलं आणि बागेतल्या एका माडाला टेकलं. वरून एक नारळ छपरावर पडला. धाडकन!

माझ्या डोळ्यांसमोर सुमीचं आणि माझं बांधलेलं गाठोडं.

साहेब उतरले. टोपी झटकली.

"बाई, कुटुंबं हलवायची की नाही, हे ठरवायला मी आलो होतो. तुम्ही तर मलाच हलवलंत!"

मी चहा पुढे केला. दुसरं काय करणार?

त्यांनी तो प्यायला. "स्वच्छता उत्तम आहे. कुटुंबं राहू देत. पण ओव्हरसियर, तुमच्या खोलीची चाकं तेवढी आजच काढा."

पुढच्या मुक्कामाला बाकीच्यांच्या खोल्या रोलरमागून डुलत गेल्या. आमची मात्र फळ्या सुट्या करून बैलगाडीतून. पुढे मी बसलेली. एका मांडीवर सुमी, दुसरीवर पांढरा दगड.

"तो जवळच ठेव," हे म्हणाले होते. "तू बसलीयस त्या गाडीलाही चाकंच आहेत."